आम्ल, अल्क आणि चंदगडचा सडा

इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें किल्ले, लढाया आणि तहनामे उभे राहतात. चंदगड तालुक्याचा असा इतिहास लिहूं पाहणारास सामग्रीची वाण पडणार नाहीं. पारगड, कलानंदीगड, गंधर्वगड आणि महिपाळगड हे चार गड या एकाच तालुक्यांत आहेत. आणि १९५६ सालीं राज्यपुनर्रचना झाली तेव्हां बेळगाव जिल्ह्याचा बाकीचा भाग म्हैसूर राज्यांत गेला असतां मुंबई राज्यांत राहिला तो हाच तालुका. परंतु प्रस्तुत लेखांत या गडांची नव्हे, तर गडांच्या पायांखालच्या भूमीची हकीकत सांगावयाची आहे. ती कोणत्याही बखरींत नाहीं. ती पाण्यानें लिहिली आहे, आणि ती वाचण्याची लिपि माणसाच्या हातीं येऊन जेमतेम दीडशें वर्षें झालीं आहेत. त्या लिपीस रसायनशास्त्रांत आम्ल व अल्क यांचा समतोल असें म्हणतात.

चंदगडच्या पश्चिमेस सह्याद्रीची कड आहे. तेथें वर्षाकाठीं शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. या कडेनें चालूं लागलें म्हणजे जागोजाग सपाट, तांबूस, छिद्रमय खडकाचे विस्तीर्ण पट्टे लागतात. लोक त्यांस सडा म्हणतात आणि त्या दगडास जांभा. पावसाळ्यांत सड्यावर गवताची व रानफुलांची दाटी होते. फाल्गुन-चैत्रांत तोच सडा भट्टींतून काढलेल्या विटेसारखा रखरखीत दिसतो. उताराखालीं भात, नाचणी, रताळीं पिकतात, काजूच्या बागा आहेत. इतकें पाणी ज्या भूमीस मिळतें ती संपन्न असली पाहिजे, असें परक्यास वाटतें. शेतकऱ्याचा अनुभव निराळा आहे. माथ्यावरची जमीन भुकेली. तिला दरसाल कांहीं तरी खाऊं घातल्यावांचून ती देत नाहीं. पाऊस उदंड आणि जमीन भुकेली, हें कोडें आहे. आणि पाऊस उदंड म्हणूनच जमीन भुकेली, हें त्याचें उत्तर आहे. तें उत्तर समजण्यास आंबटपणा म्हणजे काय, येथून आरंभ केला पाहिजे.

आम्ल आणि अल्क यांची पहिली ओळख माणसास जिभेनें व बोटांनीं झाली. चिंच, आमसूल, ताक हीं आंबट. राखेचें पाणी आणि चुन्याची निवळी हीं बोटांस बुळबुळीत व जिभेस झोंबणारीं. हीं दोन्ही एकमेकांस मारतात, हेंही फार प्राचीन काळीं कळून चुकलें होतें. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत क्षार सिद्ध करण्याच्या विधीचा एक स्वतंत्र अध्यायच आहे. वनस्पतींची राख पाण्यांत कालवून गाळावी, भाजलेल्या चुनखडीच्या व शिंपल्यांच्या योगानें तें पाणी तीक्ष्ण करावें, लोखंडी भांड्यांत सांठवावें, आणि क्षारानें भाजलेल्या जागीं आंबट द्रव्य लावून दाह शमवावा, असें तेथें सांगितलें आहे. सुश्रुत ज्यास क्षार म्हणतो त्यास आज आपण अल्क म्हणतों. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनीं १९०२ सालीं ज्याचा पहिला खंड प्रसिद्ध केला त्या हिंदु रसायनाच्या इतिहासांत या कृतीची थोरवी वर्णिली आहे, ती यथार्थच होय. मात्र आम्लानें क्षार कां शमतो, याचा सुश्रुतानें केलेला खुलासा रसांचा, म्हणजे चवींचा आहे. क्षारांत आम्लावांचून इतर रस आहेत. आम्ल मिळतांच तो तीक्ष्णता टाकून मधुर होतो, असें त्याचें म्हणणें. कृति बिनचूक, मीमांसा मात्र जिभेची.

जिभेचें हें काम डोळ्यांकडे सोंपविलें तें रॉबर्ट बॉइल यानें. रंगांविषयींच्या आपल्या १६६४ सालच्या ग्रंथांत त्यानें दाखविलें कीं, व्हायोलेट फुलांचा निळा अर्क कोणत्याही आम्लानें लाल होतो व अल्कानें हिरवा होतो. आपल्या स्वयंपाकघरांतली हळद पिढ्यान् पिढ्या हेंच करीत आली आहे. पांढऱ्या कापडावरचा हळदीचा पिवळा डाग साबण लागतांच लाल होतो, आणि त्यावर लिंबू पिळलें कीं पुन्हां पिवळा. बॉइलच्या युक्तीनें आम्ल ओळखतां येऊं लागलें. परंतु आम्ल आम्ल कशानें होतें, हें कळलें नाहीं. लाव्हॉझिए यास वाटलें कीं, सर्व आम्लांचें बीज एका वायूंत आहे. म्हणून त्यानें त्या वायूस ‘आम्ल उत्पन्न करणारा’ अशा अर्थाचें ऑक्सिजन हें नांव दिलें. नांव टिकलें, उपपत्ति मात्र टिकली नाहीं. मिठाच्या आम्लांत ऑक्सिजन मुळींच नाहीं, हें डेव्ही यानें १८१० च्या सुमारास दाखवून दिलें. आणि आम्लाचें खरें बीज हायड्रोजन आहे, व तोही धातूनें हुसकून लावतां येईल असा हायड्रोजन, हें लीबिग यानें १८३८ सालीं सांगितलें.

येथपर्यंतचा सर्व वाद ‘अमुक वस्तु आम्ल आहे कीं नाहीं’ असा होता, जणूं काय आम्लता ही जातीसारखी जन्मानें मिळते. पुढील शतकानें प्रश्नच बदलला. वस्तु किती आम्ल आहे, कोणत्या पाण्यांत आहे आणि तेथें तिच्या विरुद्ध किती बळ उभें आहे, असें तें विचारूं लागलें. या पालटाचा आरंभ एका लष्करी स्वारींत झाला. नेपोलियनबरोबर १७९८ सालीं ईजिप्तांत गेलेल्या बर्थोले या रसायनज्ञास वाळवंटांतील नेट्रन सरोवरांच्या कांठीं सोड्याचे थर दिसले. तेथें मीठ आणि चुनखडी यांपासून सोडा आपोआप होत होता. प्रयोगशाळेंत मात्र याच्या नेमकें उलट घडतें. सोड्यांत चुन्याचें लवण घातलें कीं चुनखडीचा सांका खालीं बसतो व मीठ पाण्यांत राहतें. तेव्हां बर्थोलेनें निष्कर्ष काढला कीं, कोणती क्रिया कोणत्या दिशेनें जावी हें केवळ पदार्थांच्या परस्पर आवडीवर नव्हे, तर त्यांच्या प्रमाणावरही अवलंबून असतें. नॉर्वेंतील गुल्डबर्ग आणि वागे या आप्तांनीं १८६४ सालीं या विचारास गणिताचें रूप दिलें. क्रिया संपत नाहीं. जाणारी व परत येणारी अशा दोन गति समान होतात, आणि ती स्थिति आपणांस शांत भासते. त्यांनीं हें आपल्या मातृभाषेंत लिहिलें, आणि म्हणूनच युरोपांतील पंडितांचें लक्ष तिकडे कित्येक वर्षें गेलें नाहीं.

त्याच एकोणिसाव्या शतकांत कोल्हापुरांत राजाराम महाविद्यालयांत शास्त्रविषय शिकविणारे बाळाजी प्रभाकर मोडक हे रसायनशास्त्र मराठींत आणण्याचें काम करीत होते, हें येथें स्मरणें उचित होईल. जगाच्या कानीं पडणार नाहीं हें ठाऊक असतांही आपल्या भाषेंत शास्त्र लिहिणारे लोक नॉर्वेंत होते, तसे ते आपल्या या जिल्ह्यांतही होते.

स्वीडनमधील स्वांते आऱ्हेनियस या तरुणानें १८८४ सालीं उप्साला विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधांतून पुढें अशी उपपत्ति उभी राहिली कीं, लवणें, आम्लें व अल्क पाण्यांत विरघळतांच त्यांचे विद्युद्भारित तुकडे होतात. या तुकड्यांस आयन म्हणतात. परीक्षकांनीं त्या प्रबंधास अगदीं खालची श्रेणी दिली. आणि १९०३ सालीं त्याच माणसास नोबेल पारितोषिक मिळालें. या मतानें आम्लता म्हणजे पाण्यांतील हायड्रोजन आयनांची दाटी. शुद्ध पाणीही यास अपवाद नाहीं. साधारण उष्णमानांत सुमारें पंचावन्न कोटि रेणूंमागें एक रेणु फुटलेला असतो. त्याचा अर्धा भाग आम्लाचा, अर्धा अल्काचा, आणि दोन्ही सारखे म्हणून पाणी उदासीन. एकाची दाटी दसपट वाढली कीं दुसऱ्याची दसपट घटते. त्यांचा गुणाकार बदलत नाहीं. कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत काम करणाऱ्या सोरेन्सन यानें १९०९ सालीं या दाटीची मोजपट्टी केली, तीच आजची पीएच. सात हा आंकडा उदासीन. त्याखालीं आम्ल, त्यावर अल्क. आणि दर पायरीस दसपट फरक. सहावरून पांचावर येणें म्हणजे थोडें खालीं येणें नव्हे, तर दसपट आंबट होणें, हें विसरल्यानें पुष्कळांचा घोटाळा होतो.

ही मोजपट्टी हातीं घेऊन आतां पुन्हां चंदगडच्या सड्यावर येऊं. अगदीं निर्मळ पावसाचें पाणीही उदासीन नसतें. हवेंतील कार्बन डायऑक्साइड त्यांत विरून सौम्य आम्ल बनतें, आणि पीएच ५.६ च्या आसपास येतो. म्हणजे उदासीन पाण्याच्या सुमारें पंचवीसपट हायड्रोजन आयन त्यांत असतात. जिभेस याचा पत्ताही लागत नाहीं; खडकास मात्र लागतो. दख्खनचा काळा पाषाण सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा आहे. त्यांतील फेल्डस्पारादि खनिजांत हे हायड्रोजन आयन शिरतात, आणि चुना, मॅग्नेशिया, सोडा, पोटॅश यांच्या धातूंस बाहेर काढतात. घटप्रभा आणि ताम्रपर्णी हें धन कृष्णेस देतात, आणि कृष्णा तें बंगालच्या उपसागरास देते. मागोमाग सिलिकाही हळूहळू विरघळून जाते. मागें राहतात लोखंड आणि ॲल्युमिनियम. कारण, लोखंड हवेनें तांबड्या, न विरघळणाऱ्या रूपास जातें. आणि ॲल्युमिनियमचें हायड्रॉक्साइड पीएच सहा-सातच्या आसपास सर्वांत कमी विरघळतें. पाऊस पडणें व सुकणें हा क्रम युगानुयुगें चालला, तेव्हां काळ्या पाषाणाचा तांबडा जांभा झाला. फ्रान्सिस बुकॅनन यानें दक्षिणेंतील आपल्या प्रवासांत मलबारांत हा दगड पाहिला, आणि १८०७ सालच्या ग्रंथांत विटेच्या लॅटिन नांवावरून त्यास लॅटेराइट म्हटलें. जेथें जांभ्यांत ॲल्युमिनियमची समृद्धि फार होते तेथें तो बॉक्साइट होतो. हें नांव ले बो या फ्रान्समधील गांवावरून आलें. तेथील दगड बेर्तिए यानें १८२१ सालीं तपासला होता.

म्हणजे जमिनीची भूक आणि सड्याची संपत्ति हीं एकाच जमाखर्चाचीं दोन पानें आहेत. पाण्यानें जें नेलें त्यानें जमीन भुकेली झाली. जें नेलें नाहीं त्याचा सडा झाला. आणि ॲल्युमिनियमचा स्वभाव दुधारी आहे. मातीचा पीएच साडेपांचाच्या खालीं उतरूं लागला कीं तें पुन्हां पाण्यांत येऊं लागतें, कोवळ्या मुळांस विषासमान होतें, आणि तें व लोखंड मिळून पिकाचा फॉस्फरस जखडून टाकतात.

शेतकऱ्यास ॲल्युमिनियमचें नांव ठाऊक नव्हतें, पण उपाय ठाऊक होता. कोंकणांत व घाटमाथ्यावर तरव्याच्या वाफ्यावर पाला, फांद्या, शेण, गवत पसरून जाळण्याची राब भाजण्याची चाल आहे. त्या राखेंत पोटॅश व चुना असतो. ती अल्कधर्मी असते. आगीनें तणाचें बींही मरतें. इंग्रजी अमदानींत जंगलखात्यास या चालींत झाडांचा नाश दिसला. तक्रारी इतक्या वाढल्या कीं, ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांतील जंगलांच्या प्रश्नासाठीं मुंबई सरकारास १८८५ सालीं कमिशन नेमावें लागलें. पुढें १८८९ सालीं हिंदुस्थानांत आलेल्या जॉन ऑगस्टस व्होएल्कर या इंग्रज कृषिरसायनज्ञानें १८९३ च्या आपल्या अहवालांत राबाचा विचार केला. आणि हिंदी शेतकरी सामान्य इंग्रज शेतकऱ्याहून कमी नाहीं, असा निर्वाळाही दिला.

राब तरव्यासच कां, सगळ्या खाचरास कां नको, याचेंही एक सुंदर उत्तर रसायनशास्त्रांत सांपडतें. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भातसंशोधन संस्थेंत काम करणाऱ्या पोन्नमपेरुमा या सिंहली विद्वानानें पाण्याखालील मातीचा अभ्यास करून १९७२ सालीं जो प्रसिद्ध प्रबंध लिहिला, त्यांत दाखविलें आहे कीं, आम्ल माती पाण्यांत बुडाली म्हणजे कांहीं आठवड्यांत तिचा पीएच आपोआप उदासीनतेकडे चढतो. हवा संपल्यावर मातींतील जंतु तांबड्या लोखंडाचा उपयोग करूं लागतात, आणि त्या क्रियेंत हायड्रोजन आयन खर्ची पडतात. ज्या लोखंडानें जांभ्यास रंग दिला तेंच बांध घातलेल्या खाचरांत आंबटपणा शोषून घेतें. तरव्याचा वाफा मात्र असा बुडालेला नसतो. तेथें राख हवी. आमच्या कुणब्यानें हा भेद सूत्रांत मांडला नाहीं. पण शेतांत पाळला.

विसाव्या शतकांत सड्याकडे पाहणारी दुसरी दृष्टि आली, ती कारखान्याची. कार्ल योसेफ बायर हा ऑस्ट्रियन रसायनज्ञ सेंट पीटर्सबर्ग येथें कापड रंगविण्यास लागणारें ॲल्युमिना स्वस्त करण्याच्या खटपटींत होता. त्यानें १८८८ व १८९२ सालच्या पेटंटांनीं जी रीति सिद्ध केली ती ॲल्युमिनियमच्या उभयधर्मी स्वभावावर उभी आहे. कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावांत दाबाखालीं तापविलें असतां बॉक्साइटांतील ॲल्युमिनियम विरघळतें, लोखंड विरघळत नाहीं. गाळून घेतलेला द्राव थंड करून त्यांत थोडें बियाणें म्हणून ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचेच स्फटिक सोडले, कीं तीच क्रिया उलट चालते आणि पांढरी भुकटी खालीं बसते. जाणें आणि परत येणें, दोन्ही एकाच समतोलाच्या वाटेनें. इंडियन ॲल्युमिनियम कंपनीचा कारखाना बेळगावास १९७० च्या सुमारास सुरू झाला; पुढें तो हिंदाल्कोकडे गेला. चंदगड तालुक्यांतील कासारसड्यासारख्या ठिकाणचें बॉक्साइट या उद्योगाचा कच्चा माल झालें. पाण्याच्या सौम्य आम्लानें लाखों वर्षांत जें वेगळें काढून ठेविलें, तें तीव्र अल्कानें कांहीं तासांत शुद्ध करावयाचें, असा हा व्यवहार आहे.

त्या व्यवहारांत एक बाकी उरते. दर टन ॲल्युमिनामागें साधारण तितकाच, कित्येकदां त्याहून अधिक, तांबडा चिखल निघतो. त्यांतील सोड्यामुळें त्याचा पीएच दहा ते तेरा असतो. हंगेरींतील आयका येथें ४ ऑक्टोबर २०१० रोजीं अशा चिखलाच्या तळ्याचा बांध फुटला. कोलोन्तार व देवेचेर या गांवांत लोट शिरला, दहा माणसें मेलीं. नदींतील अल्कता उतरविण्यासाठीं तेथें जिप्सम व आम्लें ओतावीं लागलीं. पण अशा बांधाहूनही आपल्या घरच्या शेतास लागू पडणारा धडा जुना आहे, आणि त्याचा साक्षी तोच व्होएल्कर.

इंग्लंडांत वुबर्न येथें १८७७ सालीं सुरू झालेल्या प्रयोगांत गहूं व सातू यांस वर्षानुवर्षें अमोनियमचीं लवणें घालीत. अशा खतापासून मातींत जंतूंच्या क्रियेनें नायट्रेट होतें, आणि त्याबरोबर आम्ल उत्पन्न होतें. कित्येक वर्षें पीक नीट आलें. मग सातू येईनासा झाला. व्होएल्करच्या देखरेखीखालीं त्या तुकड्यांस चुना दिला, तेव्हां तो पुन्हां उभा राहिला. इतकीं वर्षें कांहीं दिसलें कां नाहीं? लॉरेन्स हेंडरसन यानें १९०८ सालीं रक्ताविषयीं जें समीकरण मांडलें त्यांत याचें उत्तर आहे. सौम्य आम्ल आणि त्याचें लवण एकत्र असलें म्हणजे तें बाहेरून आलेलें आम्ल किंवा अल्क गिळून टाकतें व पीएच ढळूं देत नाहीं. अशा द्रावणास बफर म्हणतात. आपल्या रक्ताचा पीएच ७.४ च्या आसपास राहतो तो त्याच्याच बळावर. मातीजवळही असें राखीव भांडवल असतें. कणांस चिकटलेला चुना व मॅग्नेशिया, आणि कुजलेला पालापाचोळा, हें तें भांडवल. तें पुरे आहे तोंपर्यंत मोजपट्टीचा आंकडा फारसा हालत नाहीं. तें संपलें कीं थोड्याशा आम्लानें तो एकदम कोसळतो. आम्लांत थेंबथेंब अल्क सोडणाऱ्या विद्यार्थ्यास हा अनुभव ठाऊक आहे; शेवटच्या थेंबापर्यंत द्राव निर्विकार, आणि त्या एका थेंबासरशी गुलाबी. शेवटच्या थेंबानें तें केलें असें दिसतें. वस्तुतः तें आधींच्या सर्व थेंबांनीं केलेलें असतें.

चंदगडच्या जमिनीकडे हें भांडवल मुळांतच थोडें आहे. शंभर इंच पाऊस तें दरसाल वाहून नेतो. राखेची व शेणखताची जागा पोत्यांतल्या खतानें घेतली, पीक काढून नेलें, आणि परत कांहीं ठेविलें नाहीं, तर खर्च वाढतो व जमा थांबते. खणलेल्या सड्यावर तर मातीची घडीच मोडलेली असते; तेथें झाडें नुसतीं लावून भागत नाहीं, आधीं बाजूस काढून ठेवलेली वरची माती परत पसरावी लागते. यांत खाण नको किंवा खत नको, असें सांगण्याचा हेतु नाहीं. ॲल्युमिनियमचें भांडें, विजेची तार हीं आपल्या घरांत आहेतच. हेतु एवढाच कीं, हिशेब दिसेनासा झाला म्हणून तो संपला असें समजूं नये. आज माती तपासून तिचा पीएच व तिला लागणारा चुना सांगतां येतो. आणि चुन्याचें माप नुसत्या पीएचवर नव्हे, तर मातीच्या त्या राखीव भांडवलावर ठरतें, हेंही आपणांस ठाऊक आहे. वुबर्नच्या शेतास हें कळण्यास वीसएक वर्षें व कित्येक बुडालेलीं पिकें लागलीं.

समतोल म्हणजे स्वस्थता, असा आपला नित्याचा समज आहे. गुल्डबर्ग आणि वागे यांनीं शिकविलें तें याच्या उलट आहे: समतोलांत दोन विरुद्ध गति अहोरात्र चाललेल्या असतात, आणि शांत दिसतें तें केवळ त्या सारख्या असतात म्हणून. चंदगडचा सडा उन्हाळ्यांत निपचित पडलेला दिसतो. मृगाची पहिली सर त्यावर पडली कीं, तोच जुना जमाखर्च पुढच्या पानावर सुरू होतो. त्यांत आपली जमा कोठें लिहावयाची, हें अजून आपल्या हातांत आहे.